कंबरेत उसण का भरते?

गळीत हंगाम सुरू झाला, की आमच्या सातारा-सांगलीकडच्या दवाखान्यांत कंबर धरून येणारी माणसे वाढतात. कोणी उसाची मोळी ट्रॉलीत टाकताना वळलेला असतो, कोणी मार्केट यार्डात हळदीचे पोते पाठीवर घेताना. "डॉक्टर, मणका सरकला," हे निदान घरूनच झालेले असते. मी म्हणतो, "एका बोटाने जागा दाखवा." पुष्कळदा बोट मणक्यावर नव्हे, तर कंबरेखालच्या खळीपाशी टेकते.

कण्याच्या तळाशी ५ मणके जुळून झालेले त्रिकोणी हाड असते, ते त्रिकास्थी. त्याच्या टोकाला माकडहाड. कटीच्या दोन हाडांमध्ये त्रिकास्थी पाचरीसारखी बसते. धडाचा सगळा भार तिच्यावर येतो आणि ती खाली-पुढे सरकू पाहते. तिला जागेवर धरतात ते अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट. हाडाला हाड बांधणारे चिवट दोर. सांध्याच्या मागे, खोलवर असलेला बंध सर्वांत बळकट. एक बंध कंबरेचा पाचवा मणका कटीच्या हाडाशी जखडतो. आणखी दोन बंध त्रिकास्थीचे खालचे टोक मागे उचलू देत नाहीत. त्यांतला एक आपण ज्यावर बसतो त्या हाडापर्यंत जातो.

ओझे घेऊन वाकलेल्या कंबरेला पीळ पडला, की हे दोर ताणले जातात. स्नायूंच्या मानाने त्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून भरून यायला आठवडे लागतात. इंजेक्शनने दुखणे थांबले, की माणूस दुसऱ्याच दिवशी मोळी उचलतो आणि पुन्हा येतो.

गरोदरपणात हे बंध सैल होतात व बाळंतपणानंतरही काही महिने तसेच राहतात. बाळंतिणीला फडात मोळ्या वाहायला लावू नका, हे मुकादमांना सांगून मी थकलो.

एक-दोन दिवस विश्रांती, शेक आणि मग थोडे थोडे चालणे पुरते. महिनाभर अंथरूण धरल्याने कंबर आणखी आखडते. ओझे गुडघे वाकवून, अंगालगत धरून उचलावे. वळताना कंबर नव्हे, पावले वळवावीत. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. नुसता पाय लागल्याने काही बिघडत नाही. पण म्हातारपणी ठिसूळ झालेल्या हाडांवर लाथ बसली, तर मणका मोडू शकतो.

पायातली शक्ती जाऊ लागली, लघवी अडली किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर मात्र ते अस्थिबंधाचे दुखणे नव्हे. मज्जातंतू दबलेले असू शकतात. अशा वेळी रात्र असली तरी मिरज, सांगली किंवा साताऱ्याचे शासकीय रुग्णालय गाठावे. सकाळपर्यंत थांबू नये.