कपाटात कोणाला जागा द्यायची?
(अमेरिकन क्रूनर्सचे अल्बम निवडणाऱ्यांसाठी एक छोटासा अभ्यास)

"अगं, हे काय लावलंयस? याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय!"

आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये झालेलं हे माझं पहिलं जाहीर कौतुक. त्याचं असं झालं, की पास-आऊट झालेल्या एका सीनियरने जाताना आपला सीडी प्लेअर आणि दोन स्पीकर हॉस्टेलला देऊन टाकले. प्लेअर आला, पण वाजवायचं काय? मग आम्ही २८ जणींनी प्रत्येकी ५० रुपये काढले, १४०० रुपये जमले, आणि 'हिला इंग्लिश गाण्यांतलं कळतं' या एका गैरसमजावर ते माझ्या हातात आले. मी कॉन्व्हेंटची. शाळेच्या कॉयरमध्ये होते, घरी बाबांच्या कॅसेटवर सिनात्रा ऐकलेला. एवढ्या भांडवलावर मी एका दुकानातून चार सीडींचा, १०० गाण्यांचा चकचकीत बॉक्स उचलून आणला. कव्हरवर सूट घातलेले सगळे दिग्गज एका रांगेत उभे. १४०० भागिले १००, म्हणजे १४ रुपयाला एक गाणं! हिशोब अगदी बरोबर होता, खरेदी साफ चुकली होती.

काही गाणी ओळखीची, पण गायक म्हातारपणी गात असल्यासारखी. काही रेडिओवरून उचललेली, खरखर जशीच्या तशी. काहींत आवाज एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात. कोणतं गाणं कुठल्या वर्षी, कोणत्या कंपनीसाठी म्हटलं, याचा एका ओळीचाही पत्ता नाही. २८ जणींचे पैसे पाण्यात. कोणी भांडलं नाही, पण मला मेसमध्ये मान वर करून जेवता येईना. शेवटी आठवीतल्या एका मुलीची गणिताची ट्यूशन घेते, त्यातून दोन महिन्यांत पैसे परत भरले, आणि ठरवलं की आता सबमिशनसारखा अभ्यास करूनच खरेदी करायची. त्या अभ्यासाचं जर्नल म्हणजे हा लेख. (शुद्धलेखनाच्या चुका संपादकांच्या, बाकीच्या माझ्या!)

आधी थिअरी : क्रूनर म्हणजे कोण?

१९२५ च्या आधी ध्वनिमुद्रण चालायचं ते कर्ण्यासमोर. गायकाने कर्ण्यात तोंड घालून जोर लावायचा, त्या हवेच्या जोरावर सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. वीज कुठेच नाही. आपल्याकडेही बालगंधर्वांच्या काळातल्या नटांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागायचाच की. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी मायक्रोफोन आणि अँप्लिफायर वापरून ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि गाण्याचा कायदाच बदलला. आता ओरडायची गरज नाही. कानाशी बोलल्यासारखं गा, तेही लाखो लोकांना ऐकू जाईल. असं हळू, जवळून गाणारे ते क्रूनर. बिंग क्रॉस्बी (१९०३-१९७७) हा त्यांतला पहिला मोठा.

आता इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी लक्ष द्या. १९३० च्या दशकात आलेले रिबन माइक पुढच्या आणि मागच्या बाजूच्या हवेच्या दाबातला फरक मोजतात. तोंड माइकच्या अगदी जवळ आलं, की कमी फ्रिक्वेन्सीच्या स्वरांसाठी हा फरक प्रमाणाबाहेर वाढतो, म्हणजे खर्ज फुगतो. याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. ज्याला आपण 'मखमली आवाज' म्हणून उसासे टाकतो, त्यात थोडा गळा आणि थोडं फिजिक्स आहे. चांगला क्रूनर माइकपासून कधी किती लांब जायचं हे जाणतो. म्हणजे माइक हे त्याचं वाद्यच. आपल्याकडे तलत महमूद किंवा अरुण दाते यांचं गाणं आठवा. तो हळुवारपणा कर्ण्यासमोर शक्यच नव्हता.

अल्बम हा शब्द आला कुठून?

७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. जास्त गाणी एकत्र द्यायची तर चार-पाच तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकत. म्हणून अल्बम. १९४८ मध्ये कोलंबियाने ३३⅓ आरपीएमची लाँग प्लेइंग रेकॉर्ड आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. आता गाणी एका विशिष्ट क्रमाने लावून एकच मूड पाऊण तास धरून ठेवता येऊ लागला. माझी पहिली चूक इथेच झाली. मी 'गाणी' विकत घेतली, 'अल्बम' नाही.

निवडीचे पाच नियम

१) हिट्सचा गठ्ठा सहसा टाळा. 'सहसा' म्हणते, कारण अपवाद आहे. १९५८ चा 'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स' हा जॉनी मॅथिसचा संग्रह बिलबोर्डच्या यादीत ४९० आठवडे होता. म्हणजे नऊ वर्षांहून जास्त! पण तो त्याच्याच कंपनीने, त्याच्याच मूळ ध्वनिमुद्रणांतून काढलेला होता.

२) वर्ष आणि कंपनी बघा. हे गायक तीच गाणी पुन्हापुन्हा ध्वनिमुद्रित करत. क्रॉस्बीचं 'व्हाइट ख्रिसमस' १९४२ चं. त्याच्या इतक्या प्रती काढल्या, की मूळ मास्टर झिजला आणि १९४७ मध्ये ते पुन्हा गावं लागलं. नॅट किंग कोलने १९६१ च्या 'द नॅट किंग कोल स्टोरी'साठी आपली जुनी गाणी स्टीरिओत नव्याने म्हटली. सिनात्राने १९६३ मध्ये स्वतःच्या रिप्रीज कंपनीसाठी तेच केलं. नवी वाईट असं नव्हे, पण आपण काय घेतोय ते कळलं पाहिजे.

३) संगीत संयोजकाचं नाव शोधा. हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. सिनात्राचा संयोजक नेल्सन रिडल असेल तर अल्बम एक होतो, बिली मे असेल तर दुसराच, गॉर्डन जेन्किन्स असेल तर तिसरा. हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळात शंकर-जयकिशनच्या मागे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा उभे असायचे. नाव किती जणांना माहीत होतं? गाणं मात्र सगळ्यांना पाठ.

४) मोनोला घाबरू नका. १९५७-५८ च्या आधीच्या बहुतेक लोकप्रिय रेकॉर्डी मुळात मोनोच. पुढे स्टीरिओची लाट आली तेव्हा कंपन्यांनी जुन्या मोनो फिती फिल्टर करून, दोन चॅनेलमध्ये किंचित मागेपुढे करून खोटा स्टीरिओ बनवला. कॅपिटॉलने त्याचं नाव 'ड्युओफोनिक' ठेवलं होतं. जुन्या बाजारात एलपी घेत असाल तर कव्हरवर हा शब्द दिसल्यावर दोनदा विचार करा.

५) सगळे अल्बम एकाच मूडचे घेऊ नका. सात रडके अल्बम घेतलेत तर हॉस्टेलमध्ये राहणं कठीण होईल.

माझी यादी

फ्रँक सिनात्रा : इन द वी स्मॉल अवर्स (१९५५). एकच घ्यायचा असेल तर हा. १९५२ मध्ये सिनात्रा संपला असं सगळे धरून चालले होते. कोलंबियाने त्याला सोडलं, एव्हा गार्डनरबरोबरचा संसार मोडत होता. १९५३ मध्ये कॅपिटॉलने घेतलं, तिथे नेल्सन रिडल भेटला. दोन वर्षांनी हा अल्बम आला. १६ गाणी, सगळी रात्री जागणाऱ्या माणसाची. वाद्यवृंद आहे, पण तो आवाजाला वाट करून देतो, कुठेही अंगावर येत नाही. सिनात्राचा श्वास नीट ऐका. टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये असताना डॉर्सी ट्रॉम्बोन वाजवताना श्वास कसा लपवतो हे बघून तो लांब ओळी न तोडता गायला शिकला.

फ्रँक सिनात्रा : साँग्ज फॉर स्विंगिन लव्हर्स (१९५६). तोच गायक, तोच संयोजक, एकाच वर्षाचं अंतर, आणि उलटा मूड. आधीचा अल्बम पी.एल.मधला, हा शेवटचा पेपर संपल्यावरचा. दोन्ही एकापाठोपाठ ऐकले की संयोजन म्हणजे काय ते न शिकवता कळतं.

नॅट किंग कोल : आफ्टर मिडनाइट (१९५७). व्हायोलिनच्या ताफ्यासमोर उभा असलेला कोल सगळ्यांना माहीत असतो. पण तो मुळात जॅझचा पियानोवादक, आणि तोही पहिल्या रांगेतला. या अल्बममध्ये तो पुन्हा पियानोवर बसतो आणि ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, व्हायोलिन वाजवणारे पाहुणे एकेक करून येऊन जातात. गप्पांची मैफल आहे ही.

हा अल्बम ऐकताना एक गोष्ट माहीत असावी. एप्रिल १९५६ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात भर कार्यक्रमात गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी रंगमंचावर चढून कोलवर हल्ला केला. अलाबामा म्हणजे त्याची जन्मभूमी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एनबीसीवर त्याचा स्वतःचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला, पण कृष्णवर्णीय गायकाच्या कार्यक्रमाला देशभरासाठी प्रायोजक मिळेना, आणि डिसेंबर १९५७ मध्ये तो बंद पडला. ज्याच्या रेकॉर्डी घराघरांत वाजत होत्या, त्याच्या शेजारी आपलं नाव छापायला कंपन्या तयार नव्हत्या. १९६५ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने तो गेला, तेव्हा तो फक्त ४५ वर्षांचा होता. त्याचा आवाज इतका शांत कसा, असा प्रश्न मला पडतो. उत्तर नाही मिळालं अजून.

जॉन कोल्ट्रेन अँड जॉनी हार्टमन (१९६३). सहा गाणी, जेमतेम अर्धा तास. पैसे वसूल होत नाहीत असं वाटेल. पण हार्टमनचा खर्ज थांबतो तिथून कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन बोलायला लागतो आणि गायक कोण, वादक कोण हा भेद उरत नाही.

डीन मार्टिन : ड्रीम विथ डीन (१९६४). गिटार, पियानो, बेस, ड्रम्स. बस्स. मार्टिनला आळशी म्हणणाऱ्यांनी हा ऐकावा. इतकं सहज गाणं फार कठीण असतं.

बिंग क्रॉस्बी : बिंग सिंग्ज व्हाइल्स्ट ब्रेगमन स्विंग्ज (१९५६). पन्नाशी ओलांडलेले क्रॉस्बी आजोबा पोरांच्या बँडबरोबर मजा करतायत!

टोनी बेनेट / बिल इव्हान्स अल्बम (१९७५). एक आवाज, एक पियानो. लपायला जागाच नाही. बेनेट २०२३ मध्ये ९६ व्या वर्षी गेला. हा अल्बम सगळ्यात शेवटी घ्या, कारण आधीचे ऐकून कान तयार झाल्यावरच तो उलगडतो.

यातले चार आत्तापर्यंत घेतले, बाकीचे ट्यूशनच्या कृपेने यायचे आहेत. "फोनवर सगळं फुकट असताना सीडी कशाला?" असं बऱ्याच जणी विचारतात. फोनवर आधी ऐकाच, मीही आता ऐकल्याशिवाय घेत नाही. पण फोनवर आपण एकेकटे ऐकतो, आणि अर्ध्यात गाणं बदलतो. कॉमन रूममध्ये एकदा सीडी लागली की सगळ्या मिळून शेवटपर्यंत ऐकतो.

शेवटचा, न लिहिलेला नियम

माझी रूममेट परभणीची, मराठी माध्यमाची. एका रात्री मी 'वी स्मॉल अवर्स' लावला होता. तिने सरळ विचारलं, "तुला हे खरंच आवडतं का गं? का इंग्लिश आहे म्हणून ऐकतेस?"

मला राग आला. मग लक्षात आलं, की राग आला म्हणजे प्रश्न नेमका लागला. तो १०० गाण्यांचा बॉक्स मी कानाने निवडलाच नव्हता. तो कॉमन रूममध्ये ठेवल्यावर मी कशी दिसेन, त्यावर निवडला होता.

मी म्हटलं, "आवडतं." ती म्हणाली, "मग मराठीत सांग, काय म्हणतोय तो." आणि माझी व्हायवाला होते तशी अवस्था झाली. तेरा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये घालवलेली मी 'लोनली'ला मराठी शब्द शोधत बसले. एकटा? एकाकी? शेवटी तीच म्हणाली, "एकटं असणं वेगळं, एकटं पडणं वेगळं. हा एकटा पडलाय." भाषा एक अक्षर न कळता तिने तो अल्बम माझ्यापेक्षा जास्त ऐकला होता. त्याच रात्री तिने सांगितलं, की एम-३ ची के.टी. लागल्याचं तिने अजून घरी कळवलेलं नाही. तीन आठवडे मी तिच्या शेजारच्या कॉटवर झोपत होते आणि मला पत्ता नव्हता.

तेव्हापासून वरच्या पाच नियमांत मी एक भर घातली आहे. अल्बम घेण्याआधी तो आपल्या शेजारच्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगता येतो का ते बघायचं. सांगता आला तर तो खरंच आपल्याला आवडलाय. नाही तर नुसतं कव्हर आवडलंय.

आणि हो, पुढचा अल्बम रूममेट निवडणार आहे. तिला सॅक्सोफोनवाला हवाय. रविवारी रात्री साडेनऊला, मेसनंतर, कॉमन रूममध्ये. रेक्टर मॅडमनी दहापर्यंतची परवानगी दिली आहे. सहा गाणी त्यात जवळजवळ बसतात, मी मोजून पाहिलंय!