घर्षणानें घडणारें रसायन

दोन पदार्थांचा रासायनिक संयोग घडवावयाचा म्हणजे ते कोणत्या तरी द्रवांत विरघळवावे, तापवावे आणि मग तो द्रव आटवून टाकावा, अशी सामान्य समजूत आहे. कारखान्यांत या रीतीनें इंधन फार जळतें व वापरलेला द्रव सांडपाण्याबरोबर नदीओढ्यांस बाधतो. हा खर्च व उपद्रव टाळण्याचा एक मार्ग आपल्या परिचयाच्या खलांतच आहे.

वैद्य कज्जली करतात तें पुष्कळांनीं पाहिलें असेल. पारा व गंधक कोरडेच घोटीत राहिलें म्हणजे पाऱ्याची चकाकी नाहींशी होऊन काजळासारखी पूड उरते. हें नुसतें मिश्रण नव्हे; तें दोहोंचें नवें संयुग होय.

घोटतांना उष्णता उत्पन्न होते, तिचाच हा परिणाम असेल, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर अमेरिकन रसायनज्ञ मॅथ्यू कॅरी ली यांनीं सन १८९२ च्या सुमारास दिलें. सिल्व्हर क्लोराईड हा चांदीचा क्षार तापविला असतां न विघटतां वितळतो. परंतु तोच खलांत जोरानें घोटला असतां त्यांतून चांदी सुटूं लागते. अर्थात् घर्षणाचें कार्य उष्णतेहून निराळें आहे. घर्षणानें कण फुटतात, नवे पृष्ठभाग उघडे पडतात व ते एकमेकांस भिडतात.

आतां हेंच काम पोलादी गोळ्या घातलेल्या फिरत्या पिंपांत होतें. अमेरिकेंतील लीहाय विद्यापीठाच्या संशोधकांनीं सन २०१७ मध्यें युरिया व कॅल्शियम सल्फेट यांचें संयुग अशा दळण्यानें सिद्ध केल्याचें प्रसिद्ध केलें. जिप्सम म्हणजे पाणी धारण केलेलें कॅल्शियम सल्फेटच. हिशेबानें १०० भार युरियास सुमारें ७२ भार जिप्सम लागतें व संयोग होतांना जिप्सममधील पाणी सुटें होतें.

शेतकऱ्यास याचें महत्त्व असें कीं, उघड्यावर पडलेल्या युरियाचा मातींत अमोनिया होऊन नत्राचा कांहीं भाग हवेंत उडून जातो. या संयुगांतील नत्र मातींत अधिक काळ टिकतें, असें त्या संशोधकांस आढळलें. मात्र युरियांत नत्र शेंकडा ४६, तर या वाळलेल्या संयुगांत शेंकडा सुमारें ३० असतें; शिवाय गंधक शेंकडा ८॥ मिळतो. म्हणून किंमत गोणीवर न ठरवितां नत्रावर ठरवावी.

दोन सूचना ध्यानांत ठेवाव्या. फावड्यानें कालविलेलें मिश्रण म्हणजे संयुग नव्हे. विकत घेतांना दोहोंपैकीं काय आहे हें अवश्य विचारावें. तसेंच घरीं खतें दळण्याचा प्रयोग कोणीही करूं नये. अमोनियम नायट्रेटसारखा स्फोटक पदार्थ त्यांत आल्यास जिवावर बेतेल. आणि चक्कीसही वीज लागतेच. द्रावक वांचलें एवढ्यावरून सर्वच बचत झाली असें न मानतां, विजेचाही हिशेब मांडून मगच या रीतीची थोरवी ठरविणें योग्य होय.