'येस' दाबण्याआधी एक ओळ वाचा

उद्यमनगरातलं वर्कशॉप असो की गुजरीतलं दुकान, टॅली टाकताना स्क्रीन काळवंडते आणि विंडोज परवानगी विचारतं. घाईत 'येस' दाबू नका. 'येस' म्हणजे त्या सॉफ्टवेअरला अख्ख्या कॉम्प्युटरची किल्ली. फाइल बनावट निघाली तर बिलं, जीएसटीचा डेटा, सगळं जाऊ शकतं.

आधी 'व्हेरिफाइड पब्लिशर'ची ओळ बघा. तिथं टॅली सोल्युशन्सचंच नाव हवं. पिवळी पट्टी आणि 'अननोन' दिसलं, तर 'नो' दाबा. फाइल कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या. तुम्ही काही टाकत नसताना विचारणा आली, तरी 'नो'च.

दुकानातल्या पोरांना 'स्टँडर्ड' अकाउंट द्या. मग परवानगीला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. तो मालकाकडेच ठेवा. तिजोरीची किल्ली आपण काउंटरवर ठेवतो का?