जळगाव–धुळे : आकाशमार्ग व प्रत्यक्ष प्रवास

जळगावचे विमानतळ कुसुंबा येथे, तर धुळ्याचे गोंदूर येथे आहे. या दोहोंमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ९३ कि.मी. भरते. ताशी ५०० कि.मी. वेगाच्या विमानास ते सुमारे ११ मिनिटांचे. उड्डाण व उतरण्याचा वेळ निराळा. तथापि हा केवळ गणिताचा हिशेब होय, कारण गोंदूर येथे नियमित प्रवासी विमानसेवा नाही. जळगावहून २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद व पुणे येथे सेवा सुरू झाली. जळगावी उतरून धुळ्यास श्री एकवीरा देवीच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांनी एरंडोल-पारोळामार्गे रस्त्याने सुमारे दोन तास धरावेत. सोबत वृद्ध मंडळी असून परतीचे विमान गाठावयाचे असल्यास, जाण्यायेण्याचे चार तास वगळूनच दर्शनाची वेळ ठरवावी.