स्मृतिचषक : कॅनडातील कुमारांची बर्फावरची हॉकी

हॉकी म्हटले की आपल्यापुढे मेजर ध्यानचंद उभे राहतात. कॅनडात मात्र नुसते ‘हॉकी’ म्हटले तरी ती बर्फावरचीच समजली जाते. पायांत पोलादी पात्याचे बूट, चेंडूऐवजी सुमारे १७० ग्रॅम वजनाची टणक रबरी चकती, गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूस सहा खेळाडू आणि वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, असा हा खेळ. त्यातील कुमारांची सर्वांत मानाची स्पर्धा म्हणजे ‘मेमोरियल कप’. ‘स्मृतिचषक’ हे भाषांतर माझे. ही स्मृती कोणाची, या कुतूहलानेच मी या विषयाकडे वळलो.

पहिल्या महायुद्धात कॅनडाचे सुमारे ६१ हजार सैनिक कामी आले. त्यांत खेळाडूही होते. १९१४ साली स्टॅन्ले चषक जिंकणाऱ्या टोरांटो संघाचा कर्णधार स्कॉटी डेव्हिडसन पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मारला गेला. तो किंग्स्टनचा. त्याच गावचे हॉकी-संघटक कॅप्टन जेम्स सदरलँड यांनी मृतांच्या स्मरणार्थ चषक ठेवण्याची कल्पना मांडली आणि १९१९ साली ऑन्टारिओच्या हॉकी संघटनेने तो दिला. पहिल्या वर्षी टोरांटो विद्यापीठाच्या शाळेच्या संघाने रेजायना पॅट्स संघाला हरवले. हरलेल्या संघाचे नाव एका नामांकित पलटणीवरून ठेवलेले होते! चषक युद्धाचा, नावही युद्धाचे, आणि खेळणारी मुले मात्र रणांगणावर जाण्याच्या वयाला जेमतेम पोहोचलेली.

पूर्वी पूर्वेचा विजेता व पश्चिमेचा विजेता यांच्यात लढत होई. १९७२ पासून तीन लीगचे विजेते एकत्र येऊन खेळू लागले आणि १९८३ पासून यजमान संघालाही थेट प्रवेश मिळाला. गंमत म्हणजे त्याच वर्षी यजमान पोर्टलंडने, म्हणजे अमेरिकेतील संघाने, कॅनडाचा हा चषक नेला. २०१७ साली विंडसरचा संघ आपल्या लीगच्या बाद फेरीत पहिल्याच टप्प्यात गारद झाला, चव्वेचाळीस दिवस सामन्याविना बसला आणि यजमान म्हणून उतरून विजेता ठरला. तिकीटविक्रीला ही पद्धत सोयीची असेल. लढत लढत वर आलेल्या संघांवर ती अन्याय करते, असे माझे मत आहे.

पण मला अधिक विचार करावासा वाटला तो खेळाडूंच्या वयाचा. ती साधारण सोळा ते वीस वर्षांची मुले. सोळाव्या वर्षी घर सोडून परगावच्या संघात जायचे, तेथे एखाद्या अनोळखी कुटुंबात राहायचे, शाळा आणि सराव सांभाळायचा आणि सामन्यांसाठी बसने शेकडो मैल हिंडायचे. मी शिक्षणासाठी मामांकडे राहतो. मामा निदान आपले असतात.

सस्कॅचवान प्रांतातील स्विफ्ट करंट या छोट्या गावाच्या संघाची बस ३० डिसेंबर १९८६ रोजी बर्फाळ रस्त्यावरून घसरली व चार खेळाडू ठार झाले. १९८९ साली याच संघाने अंतिम सामना जादा वेळेत जिंकून स्मृतिचषक मिळवला. ही कथा येथेच थांबवली तर ऐकायला फार छान वाटते. परंतु त्या संघाच्या प्रशिक्षकाने खेळाडूंचे लैंगिक शोषण केले होते, हे पुढे उघड झाले. अपघातातून वाचलेला आणि विजेत्या संघातही असलेला शेल्डन केनेडी याने धैर्याने तोंड उघडले. १९९७ साली प्रशिक्षकाला तुरुंगवास झाला. घरापासून दूर असलेल्या मुलाचे खेळणे, न खेळणे, सारे भवितव्य ज्या एका माणसाच्या हाती असते, त्याच्याविरुद्ध बोलणे किती अवघड असेल!

आणि एवढे सोसून एन.एच.एल. या व्यावसायिक लीगमध्ये पोहोचणारे थोडेच. उरलेल्यांसाठी एक चांगली योजना आहे : खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे महाविद्यालयाच्या एका वर्षाची शिष्यवृत्ती. मात्र या लीगमध्ये खेळलेल्या मुलाला अमेरिकेतील विद्यापीठांच्या संघटनेचे नियम व्यावसायिक मानत आणि तेथील विद्यापीठ-हॉकीचे दार त्याला बंद होई. म्हणजे कोणता रस्ता धरायचा, हे सोळाव्या वर्षीच ठरवणे भाग होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून विजेत्यांच्या यादीपेक्षा हा नियमच मी पुन्हा पुन्हा वाचला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो बदलण्याचे ठरले आणि ऑगस्ट २०२५ पासून या मुलांना तेथील विद्यापीठांच्या संघांतून खेळण्याची वाट मोकळी झाली.