लॉन कापण्याचे पेट्रोल यंत्र : निवड, खरेदी आणि निगा

जळगाव व धुळे शहरांच्या बाहेरच्या रस्त्यांवर लग्नसमारंभाची लॉन्स आहेत. शिवाय शाळा-महाविद्यालयांची मैदाने आहेतच. तेथील गवत कापण्याचे काम गॅरेज किंवा रोपवाटिका चालविणाऱ्या बंधूंना जोडधंदा म्हणून घेता येईल. मात्र यंत्र चुकीचे घेतले किंवा त्याची निगा राखली नाही, तर मिळकत दुरुस्तीतच जाते.

निवड : सपाट हिरवळीसाठी चाकांचे यंत्र आणि बांध, कुंपण व उंच गवतासाठी खांद्याला अडकवायचे ब्रश कटर घ्यावे. एकाचे काम दुसऱ्याकडून घेऊ नये. छोट्या अंगणाला विजेचे यंत्र पुरते. मोठ्या लॉनवर वायर ओढत फिरावे लागते आणि ती पात्याखाली येण्याची भीती असते. तेथे पेट्रोलचे यंत्र सोयीचे.

खरेदी : केवळ किंमत पाहू नका. पाते, प्लग, फिल्टर, केबल आणि कार्बोरेटरचे सुटे भाग आपल्याच शहरात मिळतात का, हे आधी विचारा. दुकानात इंजिन चालू करून पाहा. पक्के बिल, वॉरंटी कार्ड आणि माहितीपुस्तिका घेतल्याशिवाय निघू नका.

तेल : चाकांच्या यंत्राचे इंजिन बहुधा फोर स्ट्रोक असते, त्यात तेल वेगळे भरतात. ते रोज कांडीने तपासावे. बरीच ब्रश कटर टू स्ट्रोक असतात. त्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पुस्तिकेत 50 ला 1 लिहिले असेल, तर एक लिटर पेट्रोलला 20 मिली आणि 25 ला 1 असेल, तर 40 मिली. अंदाजाने ओतू नये. तेल कमी पडले की पिस्टन जाम होतो.

निगा : आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून लागेल तेवढेच पेट्रोल आणावे. यंत्र महिनाभर बंद राहणार असेल, तर टाकी रिकामी करून उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. आपल्याकडे धूळ फार. स्पंजचा फिल्टर वरचेवर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. पाते बोथट असेल तर गवत कापले न जाता फाटते आणि शेंडे पिवळे पडतात. धार लावल्यावर पाते मधल्या छिद्रातून खिळ्यावर अडकवून पाहावे. एक बाजू खाली झुकली, तर ती जड आहे, तेवढी घासावी. नाहीतर यंत्र थरथरते.

सुरक्षितता : पात्याला हात लावण्यापूर्वी प्लगची टोपी काढावी. जागेवरचे दगड व तारा आधी वेचाव्यात. चष्मा व बूट घालावेत, मुलांना लांब ठेवावे. इंजिन गरम असताना पेट्रोल भरू नये.

कामाने यंत्र जितके झिजत नाही, तितके ते शिळ्या पेट्रोलाने आणि धुळीने बिघडते. रोजची दहा मिनिटांची निगा हंगामाची कमाई वाचवते.