आधी ग्रिप काढायला सांगा

जुना फुलफ्रेम डीएसएलआर विकणारा माणूस कॅमेऱ्याच्या आधी बॅग उघडून सामान मांडायला लागला, की तिथेच सावध व्हा. आमच्या गृहस्थांनी (लग्नाचे फोटो काढणारे स्टुडिओवाले) टेबल भरून टाकलं होतं: बॅटरी ग्रिप, दोन जादा बॅटऱ्या, ट्रायपॉड, रिमोट, कार्डं, पावसाचं कव्हर, आणि लेन्सवर आधीच घट्ट चढवलेला यूव्ही फिल्टर. "सर, हे सगळं तुम्हाला फ्री. बाहेर नुसत्या ग्रिपचे किती घेतात माहितीये ना?" मी विचारत होतो कॅमेऱ्याबद्दल, उत्तरं मिळत होती सामानाबद्दल.

कॅमेरा कॅननचा फाइव्ह-डी मार्क थ्री. २०१२ चं मॉडेल, २२.३ मेगापिक्सेल, ६१ फोकस पॉइंट. लग्नांची कामं करणाऱ्यांना याची ओळख करून द्यायला नको. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन या दोघांनीही फुलफ्रेम मिररलेस आणले, तेव्हापासून स्टुडिओवाले जुन्या बॉड्या काढून टाकताहेत आणि आमच्यासारख्या हौशी मंडळींना त्या परवडू लागल्यात. कॅमेरा आजही उत्तम आहे. माझं भांडण कॅमेऱ्याशी नाहीच.

"किती क्लिक झालेत?" हा माझा पहिला प्रश्न होता. (नंतर 'तुम्ही विचारलंच नव्हतं' असं ऐकवलं गेलं, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.) त्यानं एक फोटो उघडून फाइलच्या नावातले शेवटचे चार आकडे दाखवले. सहा हजारांच्या घरात. "घरगुती वापर आहे, सर." आता हा क्रमांक ९९९९ झाला की पुन्हा ०००१ पासून सुरू होतो, चार घरांत लाख मावणार कसा? निकॉनच्या कॅमेऱ्यांत शटर काउंट फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. कॅननच्या या मॉडेलमध्ये तसं नाही. लॅपटॉपला केबलनं जोडून सॉफ्टवेअरनं तो वाचावा लागतो, नाहीतर सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. लॅपटॉप मी सोबत नेला होता. "केबल नको सर, पोर्ट नाजूक असतो. एवढा अविश्वास?" असं म्हणून त्यानं चहा मागवला. आणखी एक गोम सांगून ठेवतो. मेनूत बॅटरीच्या माहितीच्या पानावरही 'शटर काउंट' म्हणून एक आकडा दिसतो. तो कॅमेऱ्याचा नाही, त्या बॅटरीवर शेवटच्या चार्जिंगनंतर काढलेल्या फोटोंचा. कुणी तो दाखवून हजाराच्या आतला कॅमेरा म्हणून विकायला निघाला, तर हसून उठा.

एवढं होऊनही कॅमेरा मी घेतलाच. खरा प्रकार कळला तो दिवे घाटात. माउलींची पालखी घाट चढत होती, नागमोडी रस्ता वारकऱ्यांनी फुललेला, ढग जरासे विरलेले. सगळा घाट एका चौकटीत यावा म्हणून २४-१०५ लेन्स पार २४ वर आणली, अ‍ॅपर्चर एफ/८ केलं आणि बटण दाबलं. 'एरर ०१'. कॅमेरा आणि लेन्स यांचा संपर्क नीट होत नाही, लेन्सचे कॉन्टॅक्ट पुसा, अशी सूचना. पुसले. पुन्हा तेच. एफ/४ वर मात्र बिनबोभाट फोटो निघत होते. दिंड्यांमागून दिंड्या गेल्या, रथ गेला, आणि मी कठड्याजवळ उभा राहून लेन्स काढतोय आणि लावतोय.

मग लक्षात आलं, त्याच्या स्टुडिओत दाखवलेला प्रत्येक फोटो एफ/४ वर होता. पडदे ओढलेल्या खोलीत, "लो लाइटमध्ये बघा काय रिझल्ट देतो" म्हणत. या लेन्सच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅपर्चरच्या यंत्रणेला वीज पोचवणारी चपटी रिबन केबल असते. झूम पुढेमागे करून करून ती झिजते आणि तुटते. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असलं की पात्यांना हलावंच लागत नाही, त्यामुळे दोष दिसत नाही; एफ/८ केलं की उघडा पडतो, आणि बहुधा २४ च्या बाजूला आधी. लग्नाच्या फोटोग्राफरला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. तेव्हा कुठलीही जुनी झूम लेन्स घेताना अ‍ॅपर्चर बंद करून, झूमच्या दोन्ही टोकांना आणि मध्येही, भराभर फोटो काढून बघा.

घाटातूनच फोन लावला. "कॉन्टॅक्ट खोडरबरानं पुसा सर." दुसऱ्या दिवशी 'सर'चे 'साहेब' झाले: "साहेब, सेकंडहँड मालाला गॅरंटी कुठे असते?" त्यानंतर फोन उचलणं बंद.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं आधी ग्रिप काढली. खालचा रंग उडून धातू दिसत होता. या बॉडीचा सिरियल नंबर तळाशीच असतो. तो खोक्यावरच्या नंबराशी जुळेना. शटर पावणेदोन लाखांच्या पुढे गेलेलं. कंपनीनं हे शटर १,५०,००० क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. त्यापुढे ते लगेच मरतं असं नाही, पण मग किंमतही त्या हिशेबानं लावायला हवी ना? फिल्टर निघाला तो पक्कडीनं. आत पुढच्या काचेवर कडेला बुरशी. म्हणजे फुकट ग्रिपनं तळ झाकला होता आणि फुकट फिल्टरनं काच. ग्रिप काढायला लावा, फिल्टर काढायला लावा, मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार मारून बघा. 'अडकलाय, निघत नाही' म्हणाला तर सौदा तिथेच संपला.

बाकी सामानाचं थोडक्यात. एलपी-ई६ बॅटरी अस्सल असेल तर मेनूत तिची तब्येत दिसते: तीन हिरव्या खुणा म्हणजे चांगली, एक लाल म्हणजे बदला. माझ्या दोन्ही नकली निघाल्या. ट्रायपॉडबद्दल काय बोलावं. बॅटरीसकट बॉडी ९५० ग्रॅम, लेन्स ६७० ग्रॅम. त्या प्लॅस्टिकच्या डोक्यावर कॅमेरा नमस्कार घातल्यासारखा हळूहळू वाकतो. कार्डाचे दोन्ही स्लॉट चालवून बघा. सीएफच्या स्लॉटमध्ये टॉर्च मारून पिना सरळ आहेत ना ते पाहा, एक वाकली तरी खर्च आला. एसडीचा स्लॉट यूएचएस कार्डाचा वेग घेत नाही, त्यामुळे महागडं एसडी कार्ड 'भेट' मिळालं म्हणून हुरळू नका. हॉटशूवर फ्लॅश चढवून उडवून बघा, कारण या बॉडीत स्वतःचा फ्लॅश नाही. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरचे डाग दिसतात. तुमच्याकडे आधीच्या छोट्या सेन्सरच्या ईएफ-एस लेन्स असतील तर त्या यावर बसत नाहीत, तो खर्चही धरा. घाई करू नका, जाणकाराला सोबत न्या, वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

मला आज विचाराल तर नुसती बॉडी घ्या आणि तिच्यावर ५० एमएम एफ/१.८ लावा. सामान आपलं आपण, हळूहळू, बिलासकट. आणि जुन्या बॉडीचीही पावती घ्या: सिरियल नंबर, क्लिकचा आकडा, तारीख, सही. मी मागितली तेव्हा गृहस्थ म्हणाले होते, "पावती कशाला सर, आम्ही काय पळून जाणार आहोत?" पळाला नाही हे खरं. स्टुडिओ तिथेच आहे, पाटीही नवी लावलीय.